राजेशाही मोटारींचे खरे शिल्पकार

कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा गर्दीतील लहान मूल वडीलधाऱ्याला विचारते, ‘ही गाडी कोणाची?’ बंगळूरला किंवा म्हैसूरला जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते, तेथेही हाच प्रश्न कानी पडतो. प्रश्न साधा आहे. परंतु त्यातील ‘कोणाची’ या एका शब्दात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. गाडी कोणाच्या मालकीची, हा पहिला. ती कोणत्या कारखान्यातून आली, हा दुसरा. आणि तिचे हे डौलदार रूप प्रथम कोणाच्या मनात आले, कोणाच्या हाताने कागदावर उतरले आणि कोणाच्या हातोडीखाली पत्र्यात साकार झाले, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चटकन मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा दुसऱ्याच्याच उत्तरावर भागविले जाते. गाडी रोल्स-रॉईस आहे, तेव्हा तिचे रूपही रोल्स-रॉईसचे, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती पुष्कळ वेळा याहून अगदी वेगळी असते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉईस कंपनी ग्राहकाला संपूर्ण मोटार विकतच नसे. ती विकत असे चासी. म्हणजे पोलादी चौकट, तिच्यावर बसविलेले इंजिन, चाके, सुकाणू, पुढचा तो प्रसिद्ध देवळासारखा रेडिएटर आणि बहुधा इंजिनावरचे झाकण. बसायची जागा नाही, दार नाही, छप्पर नाही. ही उघडी चासी घेऊन ग्राहक दुसऱ्या पेढीकडे जात असे. तिला इंग्रजीत कोचबिल्डर म्हणत. आपल्याकडे बैलगाडीचा धुरा आणि चाके एकाकडून व वरचा साटा दुसऱ्या सुताराकडून करून घेण्याची चाल होती, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे साट्याला कधी कधी चासीइतकेच मोल पडे. युरोप-अमेरिकेतील बहुतेक सर्व उंची मोटारींची हीच रीत होती. मेबॅक या जर्मन कंपनीची कीर्ती इंजिनांबद्दलची. झेपेलिन विमाननौकांना तिचीच इंजिने असत. तिच्या मोटारींचे बहुतेक साटे मात्र राव्हेन्सबुर्ग येथील हेर्मान श्पोन यांच्या कारखान्यात बांधले जात. कोल्हापूरच्या चौकात जे नाव लोकांच्या तोंडी आहे ते मेबॅकचे. श्पोनचे नाव कोणाला ठाऊकही नाही.

या साटेवाल्या पेढ्या मोटारींपेक्षा फार जुन्या होत्या. लंडनची बार्कर ही पेढी १७१० साली घोडागाड्या बांधण्यासाठी निघाली. १९०७ साली रोल्स-रॉईसला जगभर नाव मिळवून देणाऱ्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या गाडीचा साटा तिनेच बांधला. आपल्या देशात मद्रासची सिम्पसन ही पेढी १८४० पासून गाड्या बांधीत होती. बग्गी, व्हिक्टोरिया आणि राजरथ बांधणाऱ्या या कारागिरांच्या हाती घोड्याऐवजी इंजिन आले, तेव्हा त्यांची हत्यारे व सवयी फारशा बदलल्या नाहीत. सुताराने ॲश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा उभारावा; पत्रेवाल्याने ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून आणि दोन चाकांमध्ये दाबून त्याला गोलाई आणावी; मग गादीवाला, रंगारी आणि व्हार्निशवाला यांनी आपापली पाळी घ्यावी, असा क्रम होता. एकेका मोटारीला महिनेच्या महिने लागत.

परंतु या सर्वांच्या आधी एक मनुष्य काम करीत असे, आणि तो बहुधा कोणाला दिसत नसे. तो म्हणजे पेढीचा आरेखक. ग्राहक आला, की त्याच्याशी बोलून तो गाडीचे एक छोटे रंगीत चित्र काढी. ग्राहकाने मान डोलावली, की तेच रूप मोठ्या फळ्यावर गाडीच्या खऱ्या मापाने रेखले जाई, आणि त्या रेषांवरून सुतार सांगाड्याची मापे घेत. मडगार्डाची कमान कोठे सुरू व्हावी, छप्पर कोठे उतरावे, खिडकीची खालची रेषा किती तिरपी असावी, हे सारे त्याच्या पेन्सिलीने ठरलेले असे. काम पूर्ण झाले, की दाराखालच्या पायरीपट्टीवर पेढीच्या नावाची एक लहानशी पितळी पाटी बसे. त्या पाटीवर आरेखकाचे नाव कधीच नसे.

हिंदुस्थानातील संस्थानिक हे या पेढ्यांचे मोठे गिऱ्हाईक. म्हैसूरचे महाराज एकदम सात सात गाड्यांची मागणी नोंदवीत आणि त्यावरून ‘म्हैसूर करणे’ असा एक वाक्प्रचारच रोल्स-रॉईसच्या कचेरीत पडला होता, असे सांगितले जाते. संख्येपेक्षाही महत्त्वाच्या होत्या त्यांच्या फर्माइशी. हैदराबादच्या निजामासाठी बार्कर पेढीने सिल्व्हर घोस्टच्या चासीवर पिवळ्या रंगाची सिंहासन-मोटार बांधली; तिच्यात बैठक सिंहासनासारखी उंच आणि वर घुमटाकार छत होते. ती आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ साली थ्रप अँड मेबर्ली या पेढीने बांधलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही मोटार केशरी रंगाची व चकचकीत ॲल्युमिनियमच्या झाकणाची आहे. पडदानशीन राण्यांसाठी काळोख्या काचा, शिकारीसाठी फिरते प्रखर दिवे आणि बंदुकांच्या जागा, अशा गोष्टी लंडनच्या आरेखकाला स्वतः होऊन सुचल्या नसत्या. त्या हिंदी ग्राहकाच्या जीवनातून आल्या. म्हणून रूपाचा कर्ता शोधताना ग्राहकालाही सरसकट वगळता येत नाही. कित्येक गाड्यांत निम्मी कल्पना त्याची असते.

या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मराठी राजघराण्यातीलच आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अठराच्या आत होते. आधुनिक कलेची त्यांना खरी जाण होती. आपल्या माणिकबाग राजवाड्याचे काम त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडे दिले, आणि १९३० ते १९३३ या काळात तो राजवाडा उभा राहिला. राजवाड्यातील खुर्ची, दिवा, गालिचा यांसारखी प्रत्येक वस्तू कोणी रेखाटली, हे आज कलेच्या अभ्यासकांना बिनचूक सांगता येते. याच महाराजांनी पुढे दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कंपनीची एक लांब, प्रचंड शक्तीची चासी घेतली. ती इंडियानापोलिसहून लंडनला गेली. तेथे चेल्सी भागातील जे. गर्नी नटिंग या पेढीने तिच्यावर उघड्या धाटणीचा, लांब शेपटीचा साटा बांधला आणि त्याला नारिंगी व काळा रंग दिला. अमेरिकन इंजिन, इंग्रजी साटा आणि मराठी धनी असा हा त्रिवेणी संगम होता. आज ती मोटार जगातील दुर्मिळ गाड्यांत गणली जाते, आणि कोठेही तिचे नाव निघाले की ‘इंदूरच्या महाराजांची ड्यूझेनबर्ग’ असेच निघते. धन्याचे नाव राहिले, इंजिनवाल्याचे राहिले, आणि जाणकारांत गर्नी नटिंगचेही राहिले.

तिची रेषा मात्र ए. एफ. मॅक्नील या आरेखकाची होती. मॅक्नील हा त्या पेढीचा प्रमुख आरेखक. त्या काळी लंडनमधील अनेक सुंदर बेंटली व रोल्स-रॉईस गाड्यांची रूपे त्याच्या फळ्यावरून उतरली. पुढे तो गर्नी नटिंग सोडून जेम्स यंग या पेढीत गेला, तेव्हा जाणत्या ग्राहकांना चमत्कारिक अनुभव आला. जुन्या पेढीची म्हणून जी ऐट ते ओळखत होते, ती आता नव्या पेढीच्या गाड्यांत दिसू लागली. पाटी एका जागी राहिली होती. हात दुसऱ्या जागी गेला होता. रूप पाटीबरोबर राहत नाही, हाताबरोबर जाते, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. माणिकबागेतील खुर्चीच्या कर्त्याचे नाव सर्वत्र छापले जाते. त्याच धन्याच्या मोटारीच्या कर्त्याचे नाव शोधून काढावे लागते. खुर्ची कलेच्या सदरात गेली आणि मोटार व्यापाराच्या, एवढाच या दोहोंतील भेद.

पाटी नुसतीच अपुरी असते असे नाही. ती कधी कधी दिशाभूलही करते. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये टॉमस हिबर्ड आणि रेमंड डीट्रिच या दोन तरुण आरेखकांनी ‘लबॅरन’ नावाची पेढी काढली. नाव मुद्दाम फ्रेंच वाटेल असे निवडले होते, कारण पॅरिसच्या नावाला भाव होता. आरंभी या पेढीजवळ हातोडी नव्हती, भट्टी नव्हती, कारखानाही नव्हता. ती नुसती रेखाटने विकीत असे आणि साटे इतर ठिकाणी बांधले जात. ड्यूझेनबर्ग कंपनीने तर याच्या पुढचे पाऊल टाकले. तिच्या काही गाड्यांचे साटे ‘ला ग्रांद’ या भारदस्त नावाने विकले जात. परंतु ला ग्रांद नावाची पेढी पॅरिसमध्ये नव्हती आणि इतर कोठेही नव्हती. ते साटे इंडियाना राज्यातील युनियन सिटी या लहान गावच्या कारखान्यात बांधले जात. त्या काळातील ड्यूझेनबर्गच्या कित्येक उत्तम साट्यांची रेखाटने गॉर्डन ब्युरिग या कंपनीच्या पगारी आरेखकाची होती, आणि त्यावरून निरनिराळ्या पेढ्यांनी साटे बांधले. एकाच हाताचे काम निरनिराळ्या पाट्या लावून बाजारात आले.

जेथे नावाला पैसा येतो तेथे वाद येणारच. १९३६ च्या पॅरिस प्रदर्शनात फिगोनी ए फालास्की या पेढीने दलाए कंपनीच्या चासीवर पाण्याच्या थेंबासारख्या मडगार्डांची एक गाडी मांडली. ती पाहण्यास झुंबड उडाली. फालास्की हा व्यवहार पाहणारा भागीदार. रूप पाहणारा फिगोनी. परंतु जिओ हॅम या प्रसिद्ध चित्रकाराने त्या रूपाची मूळ कल्पना आपली असल्याचा दावा केला आणि दोघांत वितुष्ट आले. तीस वर्षांनी, १९६६ साली, इटलीतील बेर्तोने पेढीच्या पाटीखाली लाम्बोर्गिनी कंपनीची मिउरा ही गाडी आली, तेव्हाही तसेच घडले. जॉर्जेतो जुजारो पेढी सोडून जात होता आणि मार्चेल्लो गांदिनी हा तरुण त्याच्या जागी येत होता. दोघांच्या या सांध्यावर ती गाडी जन्मली. तिचे श्रेय आज सामान्यतः गांदिनीला दिले जाते; तथापि त्यात पूर्वीच्या रेखाटनांचा अंश किती, हा वाद दीर्घकाळ चालला आणि २०२४ साली गांदिनीचे निधन झाले तरी पुरता मिटला नाही. अशा वेळी दोन्ही पक्ष खरे बोलत असण्याचाही संभव असतो. एकाने रेघ ओढलेली असते, दुसऱ्याने ती पुसून थोडी वर ओढलेली असते. आणि गाडी त्या दुसऱ्या रेघेवर बांधलेली असते.

नावाचा हा गोंधळ मोटारींबरोबर जन्मलेला नाही. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट कृष्णराजाचे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नवव्या शतकाच्या आरंभीच्या, बडोद्यास सापडलेल्या ताम्रपटात या देवालयाचे वर्णन आहे. ते बांधणारा शिल्पी स्वतःच आपल्या कृतीने थक्क झाला आणि आपण हे कसे काय केले असे म्हणू लागला, असे त्यात सांगितले आहे. शिल्प्याचे आश्चर्य नोंदले गेले. त्याचे नाव नोंदले गेले नाही. उलट कैलासाला ज्याचा नमुना उपयोगी पडला असे मानतात, त्या कर्नाटकातील पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर गुंड अनिवारिताचारी या सूत्रधाराचे नाव व त्याला मिळालेल्या पदव्या कोरलेल्या आहेत. पुढे होयसळांच्या काळात बेलूरच्या मंदिरावर दासोज व त्याचा मुलगा चावण यांनी आपल्या मूर्तींखाली नावे कोरली. सोमनाथपूरला मल्लितम्माने तेच केले. कला तितकीच थोर, दगड तितकाच कठीण. एका प्रदेशात कारागिराचे नाव लिहिण्याची रीत पडली होती, दुसऱ्या ठिकाणी पडली नव्हती. इतिहासात कोण उरावे हे गुणापेक्षा या रीतीवर अधिक ठरते.

म्हणून जुन्या मोटारींचा इतिहास लिहिणाराला शिलालेख वाचणाऱ्याची शिस्त पाळावी लागते. पाटी हा आरंभ, निर्णय नव्हे. पाटी एका गाडीवरून काढून दुसरीवर बसविता येते, आणि पुष्कळदा जुना साटा उतरवून त्या चासीवर नवा साटा चढविलेला असतो. चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि साट्याच्या लाकडावर व पट्ट्यांवर ठोकलेला साट्याचा क्रमांक हे तीनही परस्परांशी जुळतात की नाही, हे प्रथम पाहावे लागते. मग कारखान्याची नोंदपत्रे येतात. रोल्स-रॉईसने आपल्या प्रत्येक जुन्या चासीचे असे पत्रक ठेवले होते. ग्राहक कोण, साटा कोणाचा, गाडी कोठे पाठविली हे त्यात लिहिलेले असे. ही पत्रके आज इंग्लंडमधील हौशी मालकांच्या मंडळाने जतन केलेली आहेत. त्यानंतर येतात पेढीची रेखाटने, छायाचित्रे व पत्रव्यवहार. आरेखकाचे नाव सापडले तर येथेच सापडते, रेखाटनाच्या कोपऱ्यातील दोन आद्याक्षरांत. पेढी बुडाली, कागद रद्दीत गेले, की आद्याक्षरेही गेली. आणि पत्रा ठोकणाऱ्याचे नाव तर या कशातच नसते.

अशा अज्ञातांच्या रांगेतून एक नाव मात्र उजेडात आले. मॅक्नीलच्या हाताखाली जॉन ब्लॅचली हा तरुण आरेखक काम करीत होता. मॅक्नील गेल्यावर, विशीतच, तो पेढीचा प्रमुख आरेखक झाला. महायुद्ध सुरू झाल्यावर तो रोल्स-रॉईसकडे गेला, परंतु मोटारींसाठी नव्हे. विमानाच्या इंजिनावर बसणारी पत्र्याची आवरणे आखण्याचे काम त्याच्याकडे आले. वाऱ्याला अडथळा होऊ नये अशी गोलाई पत्र्याला देणे हे मोटारीच्या साट्यातही हवे आणि विमानातही; हात तोच, हिशेब मात्र अधिक कडक. युद्धानंतर काळ पालटला. १९४६ साली बेंटलीची ‘मार्क सहा’ ही मोटार कारखान्यातूनच संपूर्ण साट्यासह विकली जाऊ लागली. पुढे रोल्स-रॉईसने हाच मार्ग धरला, आणि १९५५ ची ‘सिल्व्हर क्लाउड’ व १९६५ ची ‘सिल्व्हर शॅडो’ यांची रूपे ब्लॅचलीने रेखली. सिल्व्हर शॅडोत तर चासी आणि साटा वेगळे राहिलेच नाहीत. सारी गाडी एकसंध पत्र्याची झाली. साटेवाल्या पेढ्यांचा व्यवसाय त्याबरोबर बहुतेक संपला. ब्लॅचलीचे नाव इतिहासात आले ते तो मॅक्नीलहून श्रेष्ठ होता म्हणून नव्हे, तर त्याच्या मागे नोंदी ठेवणारा मोठा कारखाना होता म्हणून.

मोटारीचा साटा आणि विमानाचे अंग ही एकाच विद्येची दोन रूपे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेत बंगळूरचे स्थान स्पष्ट होते. या शहरात मोटारींचा कारखाना उभारण्याचे स्वप्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाहिले होते. १९३५ साली ते या कामासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा करून आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद या योजनेत त्यांचे सहकारी. परकीय सरकारचे साह्य मिळाले नाही, म्हणून बंगळूरची मोटार कागदावरच राहिली. वालचंदांचा मोटार कारखाना पुढे १९४४ साली स्थापन झाला तो मुंबईत, कुर्ल्याला. बंगळूरला मात्र म्हैसूर संस्थानच्या साह्याने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी स्थापन केली. ज्या राज्याचे महाराज साटे बांधवून घेण्यासाठी लंडनकडे पाहत, त्याच राज्यात आता ॲल्युमिनियमचा पत्रा वळविणारे, शिवणारे आणि रिव्हेट मारणारे हजारो हात तयार होऊ लागले.

त्या कारखान्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत श्रेयाचे तीन नमुने पाहावयास मिळतात. पहिला आहे एचटी-दोन या शिकाऊ विमानाचा. ते १९५१ साली प्रथम उडाले. त्याचा आराखडा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाला. घाटगे कोल्हापूरजवळच्या हासूर गावचे. गॉटिंगेन येथे प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचे अध्यापन केले. भारतात आखलेल्या त्या विमानाबरोबर त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, आणि ते योग्यच झाले. दुसरा नमुना मरुत या लढाऊ विमानाचा. ते १९६१ साली उडाले आणि जगाने ते कुर्ट टँक यांचे विमान म्हणून ओळखले. टँक हे नामांकित जर्मन अभियंते, आणि नेतृत्व त्यांचेच होते, यात शंका नाही. परंतु त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आणि त्या कामातून घडलेल्या भारतीय आरेखकांची व अभियंत्यांची नावे किती जणांना सांगता येतील? तिसरा नमुना त्याहून विचार करायला लावणारा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास विमानांची कामे रोडावली, तेव्हा त्याच कारखान्यात बसगाड्यांचे साटे आणि रेल्वेचे संपूर्ण धातूचे डबे तयार होऊ लागले. १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या कंपनीकडे पुढे हे डब्यांचे काम गेले. लक्षावधी लोकांनी त्या डब्यांतून प्रवास केला. त्या डब्याच्या छपराची गोलाई कोणी आखली, खिडकीची उंची कोणी ठरविली, हे मात्र प्रवाशांपैकी कोणी विचारलेही नाही.

महाराजांची मोटार आणि तिसऱ्या वर्गाचा डबा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी दोहोंचे शिल्पकार एकाच अंधारात आहेत. एकाला पेढीच्या पाटीने झाकले, दुसऱ्याला पाटीच मिळाली नाही. जुन्या मोटारींना आज लिलावात अफाट किमती येतात, आणि त्या किमती पाटीवर अवलंबून असतात. त्यामुळे मॅक्नील कोण, ब्युरिग कोण, याची चौकशी श्रीमंतांची हौस म्हणून तरी होते. साध्या वस्तूंच्या वाट्याला तेही भाग्य येत नाही.

तेव्हा ‘ही गाडी कोणाची?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावयाचे, तर ते एका नावात मावत नाही. धन्याने इच्छा केली, आरेखकाने तिला रेषा दिली, सुताराने व पत्रेवाल्याने रेषेला देह दिला आणि पेढीने त्या देहावर आपले नाव घातले. यांपैकी चौथ्याचेच नाव धातूवर कोरलेले असते, म्हणून त्याला कर्ता मानणे ही इतिहासाची सोय झाली, सत्य नव्हे. रूपाचे कर्तेपण प्रथम आरेखकाकडे जाते. परंतु ज्या हाताने सपाट पत्र्यातून ती रेषा वर काढली, त्याचाही त्यात वाटा असतो. कागदावरची कमान आणि पत्र्यावरची कमान यांत केसाइतका फरक राहतो. तो केस डावीकडे जावा की उजवीकडे, हे पत्रेवाल्याच्या डोळ्याने ठरते.

बंगळूरच्या दृष्टीने ही केवळ जुन्या काळची गोष्ट नाही. १९९६ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीचे संशोधन केंद्र या शहरात सुरू झाले, आणि मेबॅक हे नाव आता त्याच कंपनीच्या मालकीचे आहे. कोल्हापूरच्या चौकात येणाऱ्या गाडीवर जे नाव आहे, त्या नावाच्या मालकांची आकडेमोड आज बंगळूरला बसलेले भारतीय अभियंते करतात. पत्रा कोठे किती जाड असावा, वारा अंगावरून कसा निसटावा, धडक बसली तर चौकट कोठे दुमडावी, याचे हिशेब आता संगणकावर होतात. मोटारीवर पाटी बसते ती जर्मन कंपनीची. व्यापाराचा हा नियम बदलणार नाही, आणि तो बदलावा असा आग्रहही नाही. परंतु रेखाटनाच्या कोपऱ्यात आद्याक्षरे लिहिण्याची आणि तो कागद जपून ठेवण्याची रीत आपल्या हाती आहे. दासोजाने आपल्या मूर्तीखाली छिन्नीचे चार घाव अधिक घातले, म्हणून नऊशे वर्षांनंतरही त्याला नावाने हाक मारता येते. कैलासाच्या शिल्प्याला आपण आजही नावाने हाक मारू शकत नाही.